मागचं तू बघ

१४ नोव्हेंबर
सकाळी, दुकान उघडण्याआधी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण साष्टांग घालण्याइतकी माझी कंबर वाकत नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे मी आहे, घर आहे आणि स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो आहे. तुझं क्षेम मला मेकॅनिककडून कळतं. सख्ख्या बहिणीची खुशाली गॅरेजमधून कळण्याचं भाग्य सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पत्रास कारण असं, की तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही. एवढ्या लांबच्या मोटरसायकल प्रवासाला एकटी निघालेली बाई, पण वजन वाचवायचं म्हणून चांगला फोन कपाटात ठेवलास आणि ते बटणांचं डबडं घेऊन गेलीस. माझी दोन वाक्यं झाली की तू "आवाज तुटतोय गं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचा आवाज तुटत नाही. शिवाय क्लचची केबल तुटून तुझी गाडी त्या लॉजच्या अंगणात उभी आहे, त्यामुळे तू कुठे पळूनही जाऊ शकत नाहीस. इतकी चांगली संधी मला आजवर मिळाली नव्हती. सावकाश वाच.

काल दुपारी तुझा लाडका मेकॅनिक, आपला नटबोल्ट, दुकानात आला. मी एका स्कूटरच्या सीटवर रेक्झिन ताणून बसवत होते. तोंडात चुका धरल्या होत्या. लोखंडी चुका म्हणतेय मी. माझ्या बाकीच्या चुकांबद्दल तू बोलशीलच. तो दारातच उभा राहिला, आत येईना, तेव्हाच मी ओळखलं की हा स्वतःच्या कामाला आलेला नाही.

"धाकट्या ताई, मोठ्या ताईंचा फोन होता," म्हणाला. "क्लचची केबल गेली. जादाची केबल घरी चपलांच्या कपाटात आहे म्हणाल्या. आणि रेनकोटची पँट. द्या माझ्याकडे, मी पार्सल करतो."

"मला का नाही केला फोन?"

"तुम्ही रागावला असाल, म्हणाल्या."

"मग रागावलेल्या बाईच्या तोंडी तुला दिलं होय?"

बिचारा हसलाही नाही. हवं तर नवीन केबल बनवून पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, खुशाल बनव, आणि उद्यापासून तुझ्या गिऱ्हाइकांच्या सीटाही तूच शिव. मुकाट्याने गेला. त्याचा काही दोष नाही. आपल्या दोघींच्या मध्ये जो येतो त्याची अडकित्त्यातली सुपारी होते, हे त्याला जुनंच माहीत आहे.

केबल आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. हँडल तुझ्या खांद्यांसाठी उंच करून घेतल्यापासून बाजारातली कुठलीही केबल तुझ्या गाडीला आखूड पडते, म्हणून आपण नटबोल्टकडून मुद्दाम लांब केबली बनवून घेतल्या, एक गाडीत आणि एक जादा. ती जादाची मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तुझ्या बॅगेच्या तळाशी ठेवली होती. तू ती माझ्या डोळ्यांदेखत काढलीस. "केबल काय रोज तुटते?" म्हणालीस. रोज नाही तुटत गं, एकदाच तुटते. आता बस लॉजच्या पायरीवर, गुडघ्यात मान घालून.

केबल मी नटबोल्टला दिली नाही. पँटही दिली नाही.

हे सगळं त्या भाषणापासून सुरू झालं. तुमच्या रायडर क्लबात तो सडपातळ मिशीवाला आला होता, अख्खं जग एका पिशवीनिशी फिरलेला. जेवढं न्यावंसं वाटतं तेवढं पलंगावर मांडा आणि त्यातलं निम्मं परत कपाटात ठेवा, म्हणे. तू हे ब्रह्मवाक्य घोकतच घरी आलीस. मी एवढंच विचारलं, की याची बायको कुठे असते? तर तू म्हणालीस, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची असते." बायको कपाटात असणार, दुसरं काय.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा तुझ्या खोलीत गेला. जन्मभर हॉस्पिटलच्या औषधखिडकीत बसलेली बाई तू, तोलायची हौस दांडगी. मोजे तोललेस, टॉर्च तोललीस. टूथब्रशची दांडी करवतीने कापलीस, कंगवा मधोमध तोडलास, टॉवेल टराटरा फाडून अर्धा केलास, साबण सुरीने चिरलास. गोळ्यांच्या पट्ट्यांचं वजन नको म्हणून सगळ्या गोळ्या सोलून एकाच बाटलीत भरल्यास. "पट्टीवरचं नाव वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका" असं लोकांवर ओरडण्यात तुझी नोकरी गेली, आणि आता तू रोज सकाळी रक्तदाबाची कुठली आणि पित्ताची कुठली हे रंगावरून ओळखत असशील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. संध्याकाळी तरी उजेडात बघून घेत जा.

आणि त्या अर्ध्या वस्तूंचं पुढे काय होतं, याचा काही विचार? तू निम्मं नेलंस, उरलेलं निम्मं इथे आहे. मी अर्ध्या टॉवेलने अंग पुसते. बेसिनपाशी ब्रशच्या नुसत्या दांड्या पडल्या आहेत, दोन, टाकवत नाहीत. अर्ध्या कंगव्याला धरायला जागाच नाही, विंचरताना दर वेळी हातातून सटकतो. हलकी तू झालीस आणि जड ते सगळं इकडे साचलं आहे.

तो नकाशासुद्धा. जेवणाच्या टेबलावर पसरून आपण दोघींनी रस्ता आखला होता, लाल पेन तुझं, निळं माझं. चहा कुठे बरा मिळेल आणि बायकांना जाता येईल असे संडास कुठे असतील, तिथे तिथे मी चौकशी करून निळ्या खुणा केल्या होत्या. त्यातला लागणार नाही तो भाग तू कात्रीने कापून टाकलास. मला तो सोफ्याखाली सापडला. आपलं शहर त्याच तुकड्यात आहे. बाहेर पडायचा रस्ता तुला पाठ आहे म्हणून कापलंस, एवढं कळतं मला, पण परत यायचंय त्या माणसाने तेवढं तरी सोबत ठेवावं.

निघालीस त्या सकाळबद्दल मला काही बोलायचं नाही. पँट वाळत घातली आहे, तिला कुबट वास येत होता. केबलचं काय करायचं ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन. उत्तर मला पाठव, गॅरेजला नको.

तुझी धाकटी,
जी रागावली असेल हे तू तिला न विचारताच ठरवलंस


२६ नोव्हेंबर
दुपारी, दुकानात

ताईस,

या वेळी 'ती.' गाळलं आहे. तेवढंच वजन कमी.

तुझं कार्ड मिळालं. मी पानंच्या पानं लिहिली आणि तू कार्ड पाठवलंस, कारण लिफाफ्याचा भार होतो. पोस्टमनने वाचलं, तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी वाचलं, मग ते माझ्या हाती आलं. काय लिहिलंस ते विसरली असशील म्हणून तुझाच मजकूर उतरवते: "केबल पाठव. थंडी वाढते आहे, पुढचा घाट बर्फाने बंद झाला तर इथूनच परतावं लागेल. तुझ्या कमरेला झेपलं नसतं म्हणून विचारलं नाही. घर तू बघतेस म्हणून मी निर्धास्त आहे."

आता अख्खी इमारत माझ्या कमरेची चौकशी करते. शिक्षिकाबाईंनी तर चोळायला कुठलंसं तेलही आणून दिलं. पायमोज्यांसारखा वास आहे त्याला.

झेपलं नसतं म्हणे! ताई, गाडीची मागची सीट कोणी शिवली? पत्र्याच्या तळापासून मी शिवली. डावीकडे फोमचा एक थर जास्त, उजवीकडे हलका उतार, मागे कमरेला टेकू. मी स्टँडवरच्या गाडीवर चढून बसायचे आणि तू मागे उभी राहून सांगायचीस, "अजून जरा डावीकडे, अजून जरा." उन्हाळाभर हेच चाललं होतं. गिऱ्हाइकं बोंबलत होती, त्यांची कामं बाजूला टाकून मी तुझ्या गाडीपाशी बसले होते. दुसरं कोणी त्या सीटवर बसलं तर वाकडं बसेल. ती फक्त माझ्याच कमरेला झेपते, आणि हे तू शेजारी उभं राहून पाहिलं आहेस. मग झेपलं नसतं, हे तू कुठल्या काट्यावर तोललंस?

काट्यावरून आठवलं. निघायच्या आधीचा रविवार. मी भाजी चिरत होते, तू टॉर्चमधले सेल काढून तोलत होतीस. मान वर न करता विचारलंस, "तुझं वजन किती गं सध्या?" मी खरं सांगितलं. वर सुखावलेही. म्हटलं, निदान हिला माझ्या तब्येतीची काळजी आहे. त्या दिवशी दोन घास कमी जेवले. तू नुसतं "हं" म्हणालीस आणि सेल परत टॉर्चमध्ये घातलेस.

मी ठार मूर्ख. निम्मं परत कपाटात ठेवा, हे वाक्य घरात येताजाता ऐकत होते, आणि पुढचा नंबर माझा आहे हे मला कळलं नाही.

आता त्या सकाळबद्दल. बोलायचं नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, पण तू निर्धास्त आहेस हे वाचून माझं डोकं फिरलं.

आपली रीत कशी होती, आठव. बाजारात जायचं असो की दोन दिवसांच्या रपेटीला, तू पुढे बसून हँडल धरायचीस आणि ओरडायचीस, "पुढचं मी बघते, मागचं तू बघ!" मग मी सामानाचे पट्टे ओढून बघायचे, मागचा दिवा बघायचे, चढून बसायचे आणि तुझ्या खांद्यावर दोन थापा मारायचे. थापा पडल्याशिवाय तू कधी गिअर टाकला नाहीस. 'मागचं तू बघ' म्हणजे 'चढ'. इतक्या वर्षांत आपल्या घरात त्याला दुसरा अर्थ नव्हता.

त्या दिवशी उजाडता उजाडता तू गाडी गॅरेजमधून आणून फाटकाशी उभी केलीस. मागचा सगळा भाग पावसाच्या कव्हराखाली. मी वर गॅलरीत. तू हेल्मेटची काच वर केलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि ओरडलीस, "मागचं तू बघ गं!"

मी "आलेच!" म्हटलं. ते तुला ऐकू गेलं का, हे मला अजून माहीत नाही, आणि विचारायची भीती वाटते. मी आत पळाले, ह्या कमरेने पळता येतं तेवढं. गॅस बंद केला, नळाखाली बादली लावली, बॅग पाठीला अडकवली, हेल्मेट घातलं, दाराला कुलूप लावलं. बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. तुझ्याच नियमाने भरली होती, पलंगावर मांडून आणि निम्मं कपाटात परत ठेवून. बेसिनपाशी दांड्या दोन कशा, असं मागचं पत्र वाचताना तुझ्या मनात आलं नाही ना? एक तुझ्या ब्रशची आहे, एक माझ्या.

खाली आले तर रस्ता रिकामा. वॉचमन फाटक लावत होता. माझं हेल्मेट बघून म्हणाला, "तुम्ही पण जाणार होता का? मोठ्या ताई तर गेल्या."

मी म्हटलं, "नाही हो, हेल्मेटला जरा ऊन दाखवतेय."

ऊन अजून पडायचं होतं. डोक्यात हेल्मेट, पाठीवर बॅग, आणि मी त्या माणसाशी यंदा थंडी कशी लवकर सुरू झाली यावर गप्पा मारत उभी. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मग मनाशी म्हटलं, पेट्रोल भरायला गेली असेल, येईल. आणि फाटकापाशी कट्ट्यावर बसून राहिले. ऊन खरोखरच पडलं, हेल्मेट तापलं, तरी बसून होते.

दुपारी नटबोल्ट सीट घेऊन आला. "मोठ्या ताईंनी हिच्या जागी कॅरिअर लावून घेतलं," म्हणाला. "ही तुम्हाला द्यायला सांगितली. फोम चांगला आहे, कुठेतरी वापराल म्हणाल्या."

फोम चांगला आहे! माझा उन्हाळा गेला त्या सीटवर, आणि तुला त्यात फोम दिसला.

मी त्याला विचारलं, आणखी काय म्हणाली? तो इकडेतिकडे बघायला लागला. दुकानाचं दार अडवून उभी राहिले तेव्हा बोलला. "म्हणाल्या, एकदा तरी मागून कोणी न बोलता गाडी चालवायची आहे."

म्हणजे कंबर नाही आणि वजनही नाही. मी मागून बोलते, हे खरं कारण. बोलतेच मी. हळू घे, खड्डा बघ, तो ट्रक आपल्याला बघत नाहीये, मला तहान लागली. मग हे माझ्या तोंडावर सांगायचं होतंस. "गप्प बसणार असशील तर चल," म्हणायचंस. मी गप्प बसले असते. नसतेही बसले कदाचित, पण आपण कडाकडा भांडलो असतो आणि मला निदान कळलं असतं. ते तुला जमलं नाही. उन्हाळाभर सीट शिवून घेतलीस, बॅगा शिवून घेतल्यास, आणि मग दोन अर्थ निघतील असं एक वाक्य वर फेकून तू गिअर टाकलास. गरज सरो, वैद्य मरो. भित्री आहेस तू. घाटांना भीत नाहीस, बर्फाला भीत नाहीस, आणि धाकट्या बहिणीला नाही म्हणायला भितेस.

आणि वर म्हणे, घर तू बघतेस. घरात बघण्यासारखं एक नळ सोडून काय आहे?

मला यायचं होतं, ताई. मला फार यायचं होतं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलून दाखवायला लागेल असं वाटलंच नव्हतं.

हे वाचून माझा राग गेला असं समजू नकोस. तो आहे आणि मी तो नीट जपून ठेवणार आहे. पण केबलवाचून तुला घाटाच्या पायथ्याहून परत यावं लागलं, तर धाकटीने माझा प्रवास बुडवला हे तू मला मरेपर्यंत ऐकवशील. ते ओझं मला नको. सामान कमी करायला मीही शिकले आहे.

म्हणून पार्सल पाठवते आहे. मोठं आहे, दचकू नकोस. सकाळी काट्यावर ठेवून पाहिलं तर काटा शेवटपर्यंत गेला आणि तिथेच अडकून बसला, आता साधे कांदे तोलायची सोय राहिली नाही. आत सीट आहे. केबल सीटच्या पोटात आहे, डावीकडच्या जादा फोमखाली, गोल गुंडाळी करून. तिच्यावरून रेक्झिन परत शिवून टाकलं आहे. पँट वेगळ्या पिशवीत आहे, धुतलेली.

पक्की शिवण घातलेली नाही. कच्चा धावदोरा घातला आहे, लाल दोऱ्याचा, तुला चष्म्याशिवाय दिसेल असा. एक टोक ओढलंस की सीट उघडेल. केबल काढ, गाडीला लाव, घाट ओलांड. सीट तिथेच टाकून दे, लॉजच्या मालकीणबाईंना दे, त्यांच्या कोंबड्या बसतील. फोम चांगला आहे.

आणि टाकवली नाही, तर कॅरिअर काढून ती परत बसवायला लागणारे बोल्ट आणि पाना पँटच्या खिशात आहेत. पण उसवलेली सीट बसवून उपयोग नाही, पहिल्याच खड्ड्यात फोम बाहेर येईल. तिला जाड वाकडी सुई लागते, आणि त्या सुईने शिवणारा हात लागतो. सुई मी पाठवलेली नाही. ती माझ्या बॅगेत आहे, आणि बॅग त्या सकाळपासून दाराशी तशीच आहे. तुझ्या लॉजवरून जाणारी बस आपल्या चौकातून रोज सुटते, हे फक्त माहितीसाठी. मी आले तर मागून बोलणार, हेही आत्ताच सांगून ठेवते.

बोलवायचं असेल तर स्वच्छ शब्दांत बोलव. नसेल, तर तेही तसंच स्वच्छ लिही, आणि पाकिटात घालून पाठव. पुढचं आता तू बघ.

मागची